सूर्यप्रकाशाची काटकसर : घड्याळ पुढे करण्याची प्रथा

युरोपातील बहुतेक देशांत मार्चमधील अखेरच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे केली जातात आणि ऑक्टोबरमधील अखेरच्या रविवारी ती पुन्हा मागे आणली जातात. वर्षातील एक दिवस तेवीस तासांचा व एक पंचवीस तासांचा करणारी ही योजना आपल्याकडील वाचकास काहीशी चमत्कारिक वाटते. सूर्य काही सरकारी आदेशाने उगवत नाही. मग काटे फिरवून साधते काय, हा प्रश्न रास्त आहे.

त्याचे उत्तर अक्षांशात आहे. मुंबईत सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. लंडनमध्ये हेच मान साडेसोळा व आठ तासांच्या जवळपास जाते. तेथे जूनमध्ये ग्रिनिच वेळेनुसार पहाटे पावणेचारच्या सुमारास सूर्योदय होतो. त्या वेळी शहर गाढ झोपेत असते आणि रात्री मात्र दिवे जळत राहतात. लोकांनी तासभर लवकर उठावे, असा उपदेश करून भागत नाही. कारण कचेऱ्या, शाळा, आगगाड्या व दुकाने यांच्या वेळा एकमेकींत गुंतलेल्या असतात. घड्याळच पुढे सरकविले की सारे एकदम लवकर उठतात आणि लवकर उठल्याची तक्रार फारशी कोणी करीत नाही. या योजनेचे मर्म व तिचे आकर्षण एवढ्यात आले.

कल्पना आणि युद्ध

ही कल्पना मांडणारे दोघेही राज्यकर्ते नव्हते. न्यूझीलंडमध्ये टपाल खात्यात नोकरी करणारे कीटकसंग्राहक जॉर्ज हडसन यांनी १८९५ मध्ये दोन तासांचा बदल सुचविला. लंडनचे बांधकाम व्यावसायिक विल्यम विलेट यांनी १९०७ मध्ये ‘द वेस्ट ऑफ डेलाइट’ ही पुस्तिका स्वतः प्रसिद्ध केली. एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटे, म्हणजे एकूण ऐंशी मिनिटे, घड्याळ पुढे न्यावे, अशी त्यांची सूचना होती. ब्रिटिश संसदेने ती मानली नाही. विलेट १९१५ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी, युद्धात कोळसा वाचविण्यासाठी, ३० एप्रिल १९१६ रोजी जर्मनीने घड्याळे पुढे केली. ब्रिटननेही २१ मे रोजी तेच केले. जे युक्तिवादाने झाले नाही ते टंचाईने झाले.

ही सोय शेतकऱ्यांसाठी काढली गेली, असा समज बराच रूढ आहे. वस्तुतः शेतकरी तिचे विरोधकच होते. गवत कापण्यापूर्वी दव वाळावे लागते आणि दव घड्याळ पाहत नाही. अमेरिकेत १९१८ मध्ये आलेला हा कायदा पुढच्याच वर्षी रद्द झाला, त्यात ग्रामीण भागाच्या नाराजीचा मोठा वाटा होता.

स्कॉटलंडची काळोखी सकाळ

या प्रथेचा खरा कस ब्रिटनमध्ये १९६८ ते १९७१ या काळात लागला. संध्याकाळी उजेड मिळावा म्हणून तेथे हिवाळ्यातही घड्याळे मागे न आणण्याचा प्रयोग झाला. दक्षिण इंग्लंडला तो सोसला. परंतु स्कॉटलंडमध्ये डिसेंबर-जानेवारीत पावणेदहापर्यंत सूर्योदय होईना. मुले अंधारात शाळेकडे निघत. मोटारचालकांना ती दिसावीत म्हणून त्यांच्या दंडांवर चकाकणाऱ्या पट्ट्या बांधाव्या लागल्या. सकाळचे अपघात वाढले, तर संध्याकाळचे त्याहून अधिक घटले, असे पाहणीत आढळले. अर्थात, मद्यपी वाहनचालकांवरील निर्बंध १९६७ मध्येच आले असल्याने या घटीचे सारे श्रेय घड्याळाला देता येत नव्हते. टळलेला अपघात कोणाला दिसत नाही. झालेला मात्र गावभर कळतो. डिसेंबर १९७० मध्ये कॉमन्स सभागृहाने ३६६ विरुद्ध ८१ मतांनी हा प्रयोग संपविण्याचा निर्णय घेतला. अमेरिकेनेही तेलटंचाईमुळे जानेवारी १९७४ मध्ये वर्षभराची पुढची वेळ सुरू केली व त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ती थांबविली.

विजेच्या बचतीचा हिशेबही आता पूर्वीसारखा सरळ राहिलेला नाही. दिव्यांचा खर्च घटला. पण संध्याकाळच्या उन्हात वातानुकूलन यंत्रे अधिक चालतात. अमेरिकेतील इंडियाना राज्याने २००६ मध्ये ही प्रथा सर्वत्र लागू केली, त्यानंतरच्या अभ्यासात घरगुती वीजवापर सुमारे एक टक्क्याने वाढल्याचे दिसले.

भारतापुरता विचार

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, भारतातही प्रमाणवेळ एक तास पुढे होती. त्या हिशेबाने जानेवारीत मुंबईचा सूर्योदय सव्वाआठच्या सुमारास येतो. मुळात १ जानेवारी १९०६ पासूनची भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली असल्याने मुंबई आपल्या स्थानिक सूर्यवेळेच्या ३९ मिनिटे पुढेच चालते. पश्चिम किनाऱ्याला ही काटकसर बारमाही मिळालेली आहे.

पूर्वेची गोष्ट वेगळी. आसामात जूनमध्ये साडेचारच्या सुमारास सूर्य वर येतो. तेथील चहामळ्यांनी प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असलेला ‘बागान टाइम’ राखला, तो याच कारणाने. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये पूर्वेकडील राज्यांसाठी स्वतंत्र वेळ सुचविली होती. तथापि देशाची वेळ एकच राहिली आहे. दोन वेळांच्या सीमेवर आगगाड्यांचे नियंत्रण कसे करावयाचे, ही अडचण क्षुल्लक नव्हे.

महाराष्ट्रातही गडचिरोलीचा सूर्योदय मुंबईच्या सुमारे अर्धा तास आधी होतो. मात्र आपल्याकडे अशा वेळी घड्याळाऐवजी वेळापत्रक हलविण्याची रीत आहे. उन्हाळ्यात भरणारी सकाळची शाळा हे त्याचे नित्याचे उदाहरण. उलट, मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे निर्देश दिले. दोन्ही बदल शाळेच्या घंटेपुरते होते. भिंतीवरच्या घड्याळाला कोणी हात लावला नाही.