बदलते ऋतुमान आणि दारचे दुभते

विक्रम संवत 1956 चा, म्हणजे इसवी सन 1899-1900 चा दुष्काळ गुजराथेत 'छप्पनिया' या नावाने ओळखला जातो. 1891 च्या खानेसुमारीत बडोदे संस्थानची लोकसंख्या 24 लाखांहून अधिक होती. दुष्काळ व रोगराई यांमुळे 1901 मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. माणसांची ही गणती इतिहासाच्या पुस्तकांत सापडते, परंतु त्या काळी गुराढोरांचा केवढा संहार झाला, हे आपण सहसा वाचीत नाही. धान्य आगगाडीने दूरवरून आणता येते. गवताने मात्र डबा लवकर भरतो आणि त्यात जनावरांची पोटे थोडीच भरतात. बैल गेल्यावर, पुढे पाऊस पडला तरी नांगर कोणी ओढावा, हा प्रश्न शेतकऱ्यापुढे उभा राहिला.

ही हकीकत आज आठवण्याचे कारण असे की, ऋतुमान पुन्हा बेभरवशाचे होत आहे, आणि या वेळी ते पृथ्वीच्या वाढत्या उष्णतेमुळे होत आहे. उन्हाळा अधिक तापतो. पाऊस थोड्या दिवसांत कोसळतो आणि मध्ये मोठे खंड पडतात. ऑगस्ट 1924 चे नव्हे, ऑगस्ट 2024 चेच पाहा. विश्वामित्रीचा पूर बडोदेकरांच्या घरात शिरला होता.

मधल्या काळात सहकाराने एक मोठे काम केले. 1946 मध्ये खेडा जिल्ह्याचा आणि 1957 मध्ये बडोदे जिल्ह्याचा दूध संघ निघाला. ज्याच्या दारी एकच म्हैस आहे, त्याच्याही दुधाला त्यामुळे ठरलेला भाव मिळू लागला. परंतु संघ दूध विकत घेऊ शकतो; गोठ्यावर सावली धरणे मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते.

जनावर चारा पचविते तेव्हा त्याच्या पोटात उष्णता निर्माण होते. बाहेरही ऊन असले की ते आपण होऊन कमी खाते, आणि दूध आटते. म्हशीची कातडी काळी व घर्मग्रंथी थोड्या, म्हणून ती डबक्यात डुंबू पाहते; तिची ही खोड नसून गरज आहे. गीर गाईची सैल कातडी व लोंबती पोळी उष्णता बाहेर टाकण्यास उपयोगी पडते. ब्राझीलसारख्या उष्ण देशाने गीर गाई येथून नेल्या व आपली दुभती खिल्लारे वाढविली, हे उगाच नव्हे. विलायती संकरित गाय दूध अधिक देते खरी, पण उन्हाने लवकर कोमेजते.

आमच्या मते लहान शेतकऱ्याने आपल्या सुरती म्हशीला कमी लेखू नये. नाव सुरतेचे असले तरी तिचे खरे घर मही व साबरमती यांच्या मधला प्रदेश. विळ्यासारखी शिंगे, गळ्याखाली दोन पांढरे पट्टे, बेताचा बांधा. मुऱ्हा म्हशीइतके दूध ती देत नाही. पण खाते कमी, आणि स्निग्धांश चांगला असल्याने भावही बरा मिळतो. ज्या वर्षी चारा अपुरा, त्या वर्षी कमी खाणारे जनावरच घर सांभाळते.

चाऱ्याचे उपाय साधे आहेत. कडब्याची कुट्टी केली तर नासाडी टळते. हिरवा मका कापून, हवा न लागेल असा दाबून ठेवला की त्याचे मूरघास होते. 100 किलो भाताच्या पेंढ्यावर 4 किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडावा व पेंढा सुमारे तीन आठवडे झाकून ठेवावा. तो अधिक पचतो. युरियाचे पाणी मात्र जनावराच्या तोंडाशी जाऊ देऊ नये, ते विष आहे. पाऊस ओढ देतो तेव्हा आणखी एक धोका असतो. सुकत चाललेली कोवळी ज्वारी हिरवी दिसते म्हणून गुरे तिच्याकडे धावतात आणि त्यांना किराळ लागते. काही वेळा ती तासाभरात दगावतात.

आता थोडे गणित करू. एका म्हशीस रोज 6 किलो सुका पेंढा धरला, तर चार महिन्यांस 720 किलो आणि दोन म्हशींस 1,440 किलो लागेल. एवढी गंजी कोरडी ठेवण्यास भूमिहीन कुटुंबापाशी जागा कोठून येणार? गावची दूध मंडळी सकाळ-संध्याकाळ घरोघरचे दूध एकत्र करते. सुगीच्या दिवसांत, भाव उतरलेला असताना, तिनेच पेंढा घेऊन उंच जागी साठवावा आणि उन्हाळ्यात सभासदांना दुधाच्या हिशेबात द्यावा, असे आम्हांस वाटते.