हेच बुमराहला म्हटलं असतं तर?

पालकहो, रविवारी सकाळी बदलापुरातल्या एखाद्या मैदानाच्या कडेला थोडा वेळ उभे राहा. टेनिस बॉलवर मॅच रंगलेली असते आणि पोरं खेळता खेळता टीव्हीच्या थाटात कॉमेंट्रीही करत असतात. मध्यंतरी अशाच एका मॅचमध्ये एका सावळ्या मुलाला सगळे 'ए कालिया, बॉल फेक' म्हणत होते. तोही हसत होता. न हसून करणार काय? उद्या त्याच पोरांत खेळायचंय. कडेला उभे असलेले दोघं-तिघं बाबाही हसले, आणि मला खरं वाईट वाटलं ते या बाबांच्या हसण्याचं.

मुलं हे आपल्याशेजारी सोफ्यावर बसून शिकतात. डिसेंबर 2024 मध्ये ब्रिस्बेन कसोटीत ईशा गुहा या समालोचिकेने बुमराहचं कौतुक करताना माकडाच्या कुळाशी जोडला जाणारा इंग्रजी शब्द वापरला. आपण चिडलो, ते योग्यच होतं. हेतू वाईट नव्हता, ती स्वतः भारतीय वंशाची, तरी दुसऱ्या दिवशी तिने थेट प्रक्षेपणात माफी मागितली. पुढे मार्च 2025 मध्ये हैदराबादला आयपीएलमध्ये इंग्लंडच्या कृष्णवर्णीय जोफ्रा आर्चरला चार षटकांत 76 धावा पडल्या, तेव्हा हिंदी समालोचनात हरभजनने त्याने दिलेल्या धावांची तुलना लंडनच्या काळ्या टॅक्सीच्या पळणाऱ्या मीटरशी केली. टीका झालीच. पण आपल्या हॉलमध्ये त्या वेळी काय झालं, ते आठवून बघा.

2021 मध्ये सिडनीत सिराजला प्रेक्षकांनी शिव्या दिल्या तेव्हा सारा देश त्याच्या पाठीशी उभा राहिला. ऑक्टोबर 2007 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला माकडाचे हावभाव करून दाखवणारे प्रेक्षक मात्र आपल्या वानखेडेवर बसले होते. आणि त्याच्याही कितीतरी आधी, पुण्यात दलित गोलंदाज पालवणकर बाळूंना चहा मिळायचा तो पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेणाऱ्या या गोलंदाजाला हिंदू संघाचं कर्णधारपद जातीमुळे कधीच दिलं गेलं नाही. मुलांना सचिन सांगतो तसे बाळूही सांगा.

शिवीपेक्षा ओळखायला अवघड असतं ते कौतुकातलं डावं-उजवं. 2020 मध्ये युरोपातल्या 80 फुटबॉल सामन्यांच्या इंग्रजी समालोचनाचा अभ्यास झाला. गोऱ्या खेळाडूंच्या वाट्याला बुद्धीची, मेहनतीची स्तुती जास्त, काळ्यांच्या वाट्याला ताकदीची आणि वेगाची. आपणही कृष्णवर्णीय रबाडाचा चेंडू बघून 'काय राक्षस आहे' म्हणतो आणि गोऱ्या कमिन्सचा बघून 'काय डोकं लावलंय'.

म्हणून मॅच चालू असतानाच बोला, नंतर भाषण नको. 'हेच बुमराहला म्हटलं असतं तर?' एवढंच विचारा. पोरं लगेच ओळखतात, दुटप्पीपणा त्यांना आपल्यापेक्षा लवकर दिसतो. मग रबाडाने फलंदाजाला आधी दोन चेंडू बाहेर टाकून तिसरा आत कसा आणला, हे त्यांच्याकडूनच वदवून घ्या. आणि मुलगा कोचिंगला जात असेल तर या आठवड्यात सरांना भेटा. नेटमध्ये, मॅचमध्ये, स्कोअरशीटवर प्रत्येकाला त्याच्या नावानेच हाक मारायची, हे त्यांनी सगळ्या मुलांसमोर सांगावं, एवढी विनंती करा.