ओसाड जागांचा छंद

कोणी टपालतिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी. काही लोकांना ओसाड जागा पाहण्याचा छंद असतो. तो लागतो कसा? बहुधा सहलीत, एखाद्या साध्या प्रश्नातून.

रायगड जिल्ह्यात मुरुडजवळ समुद्रात जंजिरा किल्ला आहे. राजापुरीहून शिडाच्या होडीने तेथे जातात. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही! हा किल्ला सिद्दींचा. त्यांचे संस्थान १९४८ साली विलीन झाले. आज किल्ल्यात वस्ती नाही. वाड्याच्या भिंती उभ्या आहेत, पण छप्पर नाही. (पडक्या जिन्यावर मात्र चढू नये, जुना चुना दगा देतो.)

बहुतेक लोक कलालबांगडी तोफ पाहून परततात. एखादा मुलगा मात्र तळ्याशी थांबतो. चहूकडे खारा समुद्र, मग हे पाणी गोडे कसे? एखादी मुलगी शिलालेखासमोर उभी राहते. अक्षरे तिच्या उर्दूच्या पुस्तकातली, ओळखीची. भाषा मात्र फारसी. तिला अक्षरे लागतात, अर्थ लागत नाही. ती ती वहीत उतरवून घेते आणि गुरुजींना विचारते. मग घरी परतल्यावर मोहल्ल्यातल्या जुन्या कमानीखालून जातानाही तिची मान आपोआप वर होते.