नॉर्मल रिपोर्ट, पण कधीचा?

प्रश्न: अंग लाल होणे, पोटात कळा, चक्कर असे झटके येतात. ट्रिप्टेज नॉर्मल आहे. तरी मास्ट पेशींचा आजार असेल का?

उत्तर: असू शकतो. ट्रिप्टेज, म्हणजे मास्ट पेशींतून रक्तात येणारे द्रव्य, झटक्यानंतर काही तासांतच उतरते, म्हणून रक्ताचा एक नमुना झटक्यानंतर चार तासांच्या आत आणि दुसरा पूर्ण बरे वाटल्यावर, किमान २४ तासांनी द्यावा. दुसऱ्या आकड्याला १.२ ने गुणून त्यात २ मिळवा. झटक्यातला आकडा निदान तेवढा भरला, तर संशयाला बळ मिळते. ‘अँटिहिस्टामिनने बरे वाटते, म्हणजे आजार तोच’ हे मात्र पटण्याजोगे नाही. त्या गोळीने अंगावरचे साधे पित्तही बसते. श्वास अडकला किंवा शुद्ध हरपू लागली, तर नमुन्यासाठी थांबू नका. आधी रुग्णालय गाठा.