मास्किंग पुट्टी: डबा महाग की तुमचा वेळ?

या आठवड्याच्या व्हिडिओत मी 1:72 च्या जॅग्वार विमानावर पुट्टी लावून कॅमोफ्लाज मारून दाखवलं. व्हिडिओत हात दिसतात, हिशोब दिसत नाही. तो इथे लिहितोय. आणि एक ऑर्डर माझी कशी बोंबलली, तेही.

आधी नावाचा घोळ मिटवू. बोहरी आळीत जाऊन "पुट्टी द्या" म्हणालात तर दुकानदार विचारणार, भिंतीला की गाडीला? ती लांबी भरायची पुट्टी. ती सुकते, घट्ट होते, मग घासावी लागते. आपली मास्किंग पुट्टी कधीच सुकत नाही, कारण तिच्यात उडून जाणारं पाणी किंवा थिनर नसतं. ती सिलिकॉनची असते. लहान मुलांच्या खेळण्यातली 'सिली पुट्टी' माहीत असेल, तिचीच ही बहीण. 1943 मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधले जेम्स राइट युद्धासाठी रबराला पर्याय शोधत होते. सिलिकॉन तेलात बोरिक अ‍ॅसिड मिसळल्यावर हा उड्या मारणारा गोळा मिळाला. रबर म्हणून उपयोग शून्य. पुढे 1950 मध्ये पीटर हॉजसनने 147 डॉलर उसने घेतले, हा माल प्लास्टिकच्या अंड्यात भरला आणि खेळणं म्हणून विकला. पॅकिंगवर एक वेगळा व्हिडिओ करणार आहे, तिथे हॉजसनची गोष्ट सविस्तर सांगेन.

आता काम. पट्टी सरळ आणि धारदार हवी असेल तर टेपच वापरा. काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रंगवताना पुट्टी घेऊन बसू नका, हसं होईल. पण लढाऊ विमानावर हिरवा आणि करडा रंग नागमोडी एकमेकांत जातो, कडा किंचित धूसर असते. तिथे टेप कापत बसणं म्हणजे शिक्षा.

पहिला रंग, म्हणजे करडा, मारून पूर्ण वाळू द्या. अ‍ॅक्रिलिकला मी चोवीस तास देतो. इनॅमलला काही दिवस लागतात. पावसाळ्यात पुण्याची हवा दमट असते, तेव्हा यात आणखी एक दिवस धरा आणि गिऱ्हाईकाला तारीखही तशीच द्या. मग पुट्टी हातात मळून करंगळीपेक्षा बारीक वळी करा, चकलीची वळतो तशी. पेन्सिलीने काढलेल्या रेषेवर ती ठेवा, दाबू नका. वळी गोल असते, म्हणून तिच्या पोटाखाली थोडी फट राहते. एअरब्रश सरळ वरून धरला की रंग त्या फटीत हलका जातो आणि कडा मऊ येते. वळी दाबून चपटी केली तर कडा कडक येते. कुठे काय हवं ते तुम्ही ठरवा. करडा ठेवायचा तो मोठा भाग पुट्टीने भरू नका, तिथे कागद किंवा साधी टेप लावा. पुट्टी फक्त काठाला. एवढ्याने डबा दुप्पट चालतो.

मुख्य गोष्ट: पुट्टी वाहते. हळूहळू, पण वाहते. पंधरा-वीस मिनिटांत गोल वळी खाली बसते आणि तुमची मऊ कडा गेली. म्हणून रंग कपात, कॉम्प्रेसर चालू, तोंडाला मास्क, आणि मगच पुट्टी मॉडेलवर. हिरवा हाताला लागेनासा झाला की लगेच काढा. वाळून कडक होईपर्यंत थांबलात तर काठाचे पोपडे निघतात. खाचेत कण राहिला तर टोकरू नका, त्याच पुट्टीच्या गोळ्याने टिपून घ्या.

मी हेच केलं नाही. मे महिन्यातली गोष्ट. एका निवृत्त हवाई दल अधिकाऱ्यांची ऑर्डर होती, रविवारच्या स्नेहमेळाव्यासाठी जॅग्वार. किंमत साडेचार हजार, माझा नफा अंदाजे अकराशे. शुक्रवारी संध्याकाळी पुट्टी लावली, तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं, मग दुसरं आलं, आणि मी शटर ओढून घरी गेलो. सकाळी पाहिलं तर पुट्टी पंखावरून ओघळून पॅनेलच्या रेषांत आणि चाकांच्या खोबणीत बसलेली. वर करडा रंग मी घाईत दुपारीच मारला होता. पुट्टी ओढली तशी रुपयाच्या नाण्याएवढी सालपटं प्रायमरसकट हातात आली. सगळं उतरवून पुन्हा रंगवायला नऊ तास गेले. माझ्या तासाचा दर मी तेव्हा दीडशे धरायचो. म्हणजे 1,350 रुपये. नफा संपून वर अडीचशेचा खड्डा. आणि मेळावा होऊन गेला होता, मॉडेल मंगळवारी पोहोचलं.

काका रागावले नाहीत, हे जास्त लागलं. त्यांनी मॉडेल खिडकीपाशी नेऊन पाहिलं आणि म्हणाले, "काम स्वच्छ आहे. पण माझ्या विमानाची हिरवी पट्टी इथून अशी वळायची." त्यांच्या बोटाचं टोक माझ्या रेषेपासून अर्धा इंच पुढे होतं. 23 सेंटीमीटरच्या मॉडेलवर अर्धा इंच म्हणजे खऱ्या विमानावर जवळपास मीटरभर. मी बॉक्सवरचं चित्र पाहून रंगवलं होतं. त्यांच्याकडे स्वतःच्या विमानाचा फोटो होता, मी मागितलाच नव्हता.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली, आणि पुट्टीचा खरा फायदा मला इथे कळला. ती परत वापरता येते, म्हणजे रंगाच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम करता येते. गिऱ्हाईकाकडून फोटो घेतो, वळ्या मांडतो, वरून आणि दोन्ही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप करतो, वळ्या लगेच काढून ठेवतो. "ठीक आहे" असा मेसेज आला की पेन्सिल. मेसेज नाही तर एअरब्रश नाही. टेपने हे करायला गेलात तर एका तालमीतच निम्मा रोल जाईल.

आता हिशोब. हे माझ्या दुकानाचे आकडे आहेत, तुमचे वेगळे येतील. टेपने एका जॅग्वारला साडेतीन तास आणि चाळीस रुपयांची टेप लागायची: 525 अधिक 40, एकूण 565. पुट्टीने चाळीस मिनिटं, म्हणजे शंभर रुपये. टेप दहाची. डबा मला सहाशेला पडला, तीस मॉडेल चालेल असं धरतो, म्हणजे वीस रुपये. एकूण 130. तालमीची वीस मिनिटं धरली तर 180. नवीन मुलं कॉस्टिंग करताना "टेप चाळीस, पुट्टी सहाशे" एवढंच बघतात आणि टेप घेतात, कारण स्वतःचे तास कागदावर लिहिलेलेच नसतात. बीबीएला असताना मीही कॉस्टिंगचा पेपर चांगल्या मार्कांनी पास झालो होतो. दुकानात तीन वर्षं तास लिहिले नाहीत.

खेळण्याची स्वस्त पुट्टी चालते का? काही चालतात, काही तेलकट डाग सोडतात. प्लास्टिकच्या चमच्यावर तोच रंग मारून, वाळवून, अर्धा तास पुट्टी ठेवून बघा. पाणीदार स्लाइम मात्र अजिबात नको. पुट्टीत रंगाचे कण साठत जातात, मग ती खरखरीत होते. ती जुनी पुट्टी गडद रंगांना ठेवा, पांढऱ्या-पिवळ्याला नवीन. झाकण घट्ट लावा, नाहीतर दुकानातली सगळी धूळ तिच्यात. कपड्याला चिकटली तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, निघते.

आणि बाजार आहे का, असं विचारणाऱ्यांनी कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम एकदा बघून यावं. 1998 पासून आहे. तिथे काचेला नाक लावून उभे असलेले बाबालोक मोजा, मुलं नाही. लोहगाव, खडकवासला, सदर्न कमांड, सगळं याच शहरात. काकांनी नंतर दोन मित्रांच्या ऑर्डरी पाठवल्या. दोघांनीही पहिल्याच मेसेजमध्ये फोटो जोडला होता.

पुढच्या व्हिडिओत कोटेशनचा फॉर्म दाखवतो, त्यात "फोटो मिळाला का" हा रकाना सगळ्यात वर आहे.