दुखापतीनंतरचा शक्तिवर्धक व्यायाम : एक अभ्यास

आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुले-मुली पोलीस भरतीची तयारी करीत असतात. मैदानी चाचणीत धावणे आणि गोळाफेक यांना गुण असतात, म्हणून पहाटे धावणे व संध्याकाळी जोर, बैठका, वजने असा त्यांचा क्रम असतो. अशा ऐन तयारीत कुणाचा गुडघा धरतो, कुणाचा घोटा मुरगळतो, कुणाच्या खांद्यात कळ येते. मग दोन प्रकार दिसतात. काहीजण दुखणे लपवितात, वेदनाशामक गोळी घेऊन धावतात आणि लहान दुखापत मोठी करून बसतात. काहीजण घाबरून सर्वच व्यायाम सोडून देतात व दोन महिन्यांत वर्षाची कमाई घालवितात. ज्या घराची सारी आशा एका भरतीवर असते, त्या घराला हे दोन्ही प्रकार परवडणारे नाहीत. हमाली, बांधकाम, सफाई अशी अंगमेहनतीची कामे करणाऱ्या आपल्या सभासदांचाही प्रश्न हाच आहे. कारण त्यांचे शरीर हेच त्यांचे भांडवल होय. या दोन टोकांच्या मधला शास्त्रशुद्ध मार्ग कोणता, याचा विचार आपण प्रस्तुत लेखात करू.

१. ही पद्धत रुग्णालयात जन्मली

आज कोणत्याही व्यायामशाळेत गेलो तर 'दहा-दहाचे तीन सेट मारा' असे सांगतात. ही पद्धत पहिलवानांनी नव्हे, तर जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरने रूढ केली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील शिकागो शहरी गार्डिनर जनरल हॉस्पिटल या लष्करी रुग्णालयात थॉमस डिलॉर्म हे तरुण डॉक्टर काम करीत होते. गुडघ्याच्या दुखापतीचे अनेक सैनिक तेथे होते. हलका व्यायाम पुष्कळ वेळा करण्याची तेव्हा रीत होती. परंतु मांडीचे वाळलेले स्नायू त्याने लवकर भरत नसत. डिलॉर्म यांना स्वतःला लहानपणी संधिवाताचा ताप आला होता व त्यानंतर त्यांनी वजने उचलून शरीर कमावले होते. तोच अनुभव त्यांनी रुग्णांसाठी वापरला. पायात लोखंडी बूट बांधून त्यावर वजन चढवावयाचे व गुडघा सरळ करावयाचा, असा तो व्यायाम होता. १९४५ साली त्यांनी आपला प्रबंध प्रसिद्ध केला.

१९४८ साली आर्थर वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी ही पद्धत अधिक सोपी केली. रुग्ण जे वजन जेमतेम दहा वेळा उचलू शकतो, ते प्रथम शोधावयाचे. समजा, ते १० किलो आहे. मग पहिला सेट ५ किलोचा, दुसरा साडेसात किलोचा व तिसरा १० किलोचा. प्रत्येकी दहा वेळा. आठवड्याने पुन्हा चाचणी घ्यावयाची व नवे वजन ठरवावयाचे. आरंभी या पद्धतीला 'भारी वजनाचा व्यायाम' असे नाव होते. पुढे ते बदलून 'क्रमशः वाढत्या वजनाचा व्यायाम' असे झाले. या नामांतरातच सर्व सार आहे. वजन भारी असणे महत्त्वाचे नाही. आज झेपेल तेथून आरंभ करून ते मोजून वाढविणे महत्त्वाचे.

२. विश्रांती कोणाला ?

दुखापत एका सांध्याला होते, सर्व शरीराला नव्हे. घोटा सुजला असला तरी बसून खांद्याचा व हातांचा व्यायाम करता येतो. इतकेच काय, चांगल्या बाजूच्या व्यायामाचा काही लाभ दुसऱ्या बाजूलाही मिळतो. अमेरिकेतील येल विद्यापीठात १८९४ साली केलेल्या प्रयोगात एका हाताच्या सरावाने दुसऱ्या, सराव न केलेल्या हाताचीही शक्ती वाढलेली आढळली. शक्ती केवळ स्नायूत नसते, त्याला आज्ञा देणाऱ्या मज्जासंस्थेतही असते, हे त्याचे कारण. म्हणून डावा हात प्लास्टरमध्ये असेल तर उजव्याचा व्यायाम बंद करू नये.

दुखऱ्या भागालाही फार काळ निजवून ठेवणे हिताचे नाही. डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ साली विश्रांती, बर्फ, दाबपट्टी व अवयव उंच ठेवणे हा चौकोनी उपचार लोकप्रिय केला. परंतु पुढे २०१४ साली त्यांनी स्वतःच लिहिले की, बर्फ व संपूर्ण विश्रांती यांमुळे भरून येण्यास उशीर लागू शकतो. पहिले दोन-तीन दिवस जपावे, त्यानंतर सोसेल तेवढी हालचाल सुरू करावी, असा आजचा सर्वसाधारण विचार आहे.

याचे एक बोलके उदाहरण स्वीडनमधील आहे. टाचेमागची धोंडशीर दीर्घकाळ दुखत असलेल्या १५ हौशी धावपटूंना हाकन आल्फ्रेडसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक व्यायाम दिला. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहावयाचे व दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली न्यावयाची. दिवसातून दोनदा, १५-१५ चे तीन सेट, बारा आठवडे. दुखणे कमी झाले की पाठीवरच्या पिशवीत वजन वाढवावयाचे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पंधराही जण पूर्वीसारखे धावू लागले. जुन्या दुखण्यावर येथे वजन हेच औषध ठरले.

३. वेदना मोजावी कशी ?

शून्य म्हणजे मुळीच दुखणे नाही व दहा म्हणजे असह्य, अशी मोजपट्टी मनाशी धरावी. व्यायाम करताना दुखणे दोनपर्यंत असेल तर काळजी नाही. तीन ते पाच असेल तर ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झाले पाहिजे. पाचच्या वर गेले तर तो व्यायाम त्या दिवशी थांबवावा. दुसऱ्या दिवशीची सकाळ हीच खरी परीक्षा होय. सूज वाढली, सांधा आखडला, तर कालचा भार अधिक होता असे समजावे व एक पायरी खाली उतरावे. मात्र गोळी घेऊन ही मोजपट्टी वापरू नये. गोळी दुखणे दडविते, दुखापत बरी करीत नाही.

४. कार्यक्रमात बदल कोणते करावेत ?

(अ) वजन कमी करावे. (आ) पूर्ण बैठक दुखत असेल तर खुर्चीपर्यंतच बसावे. (इ) गती कमी करावी. तीन मोजत खाली, तीन मोजत वर. (ई) सेट अथवा दिवस कमी करावेत. (उ) व्यायाम बदलावा. जमिनीवरचे जोर दुखत असतील तर भिंतीला हात टेकून करावेत. परत वाढविताना मात्र एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. वजनही वाढविले व धावणेही वाढविले, तर कशाने दुखले ते कळणार नाही.

यासाठी महागडी साधने लागत नाहीत. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. बाटल्या, वाळूची पिशवी, पुस्तकांचे दप्तर यांवर काम भागते. एक वही मात्र हवीच. तारीख, व्यायाम, वजन, वेदनेचा अंक व दुसऱ्या सकाळची स्थिती अशी पाच रकान्यांत नोंद ठेवावी.

५. घोट्याचे उदाहरण

साधा मुरगळलेला घोटा घेऊ. सूज उतरू लागली की बसून पाऊल वर-खाली व गोल फिरवावे. पुढे भिंतीला धरून दोन्ही पायांच्या टाचा उचलाव्यात. मग एका पायावर तोल सांभाळावा. मग एकाच पायाची टाच उचलावी. मग दप्तर पाठीवर घेऊन तेच करावे. चांगल्या पायाने २० वेळा जमत असेल, तर दुखऱ्याने किमान १८ वेळा जमेपर्यंत धाव घेऊ नये. त्यानंतर चालणे, चालण्यात थोडे धावणे, उड्या व सर्वांत शेवटी १०० मीटरची वेगवान धाव, असा क्रम ठेवावा. या सर्व काळात हात, खांदे व पाठ यांचा व्यायाम बसून चालू ठेवावा. गोळाफेकीसाठी लागणारी शक्ती त्यामुळे टिकून राहते.

६. डॉक्टरांकडे केव्हा ?

पायावर भार देऊन चार पावलेही टाकता येत नसतील, सांधा अडकत वा निसटत असेल, हातापायात बधिरता अथवा वाढता अशक्तपणा असेल, रात्री विश्रांतीतही ठणका असेल, तर घरगुती प्रयोग करू नयेत. कंबरदुखीबरोबर जांघेत बधिरता आली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रिया झालेल्यांनी तर शल्यचिकित्सक व फिजिओथेरपिस्ट यांनी दिलेल्या क्रमानेच चालावे. गुडघ्यातील पुढच्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर खेळात परतण्याविषयी ऑस्लो येथील अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके लांबविले, तितके दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने कमी झाले, असे त्यात आढळले. भरती पुन्हा निघते. गुडघा एकदाच मिळतो.

सारांश, दुखापत झाली म्हणून व्यायाम सोडावयाचा नाही आणि व्यायाम सोडावयाचा नाही म्हणून दुखापतीकडे डोळेझाकही करावयाची नाही. आज काय झेपते ते प्रामाणिकपणे मोजावे, तेथूनच आरंभ करावा व पुढचे पाऊल मागच्या नोंदीवरून ठरवावे. आमच्या विद्यार्थी मित्रांनी उद्याच एक वही घालावी आणि ज्याचा पाय दुखतो आहे अशा सोबत्याला मैदानावरून घरी न पाठविता, बसून करण्याचा व्यायाम त्याला आपल्या शेजारीच करू द्यावा, एवढीच आमची विनंती आहे.