मॉनिटरला की-बोर्ड-माउस जोडायचाय? खर्च किती, आणि कधी शून्य

मॉनिटर म्हणजे नुसता पडदा. की-बोर्ड आणि माउस जोडायचे असतात ते सीपीयूला. म्हणून बाजारात जाण्याआधी सीपीयूची मागची बाजू बघा. चपटे यूएसबी खाचे दिसले, तर तारेचा की-बोर्ड तिथं लावला की काम झालं. खर्च शून्य. एवढ्यासाठी माणूस घरी बोलावून दोन-तीनशे रुपये व्हिजिट चार्ज देऊ नका. पुढचा खाचा चालत नसला, तरी मागचा लावून बघा; तो थेट मदरबोर्डवर असतो.

जुन्या सीपीयूला गोल खाचेही असतात. जांभळा की-बोर्डचा, हिरवा माउसचा. गोल खाच्याची पद्धत आयबीएमने १९८७ साली आणली. त्यात पिन घालताना संगणक बंदच हवा आणि जोर लावायचा नाही. आतल्या बारीक पिना वाकतात. गोल पिनेचा जुना की-बोर्ड वाचवायला कन्व्हर्टर शंभर-दोनशेला मिळतो, पण तो प्रत्येक की-बोर्डला चालेलच असं नाही. माझं मत विचाराल तर त्यात पैसे घालू नका. तारेचा नवा यूएसबी की-बोर्ड साधारण ३०० ते ६००, माउस १५० ते ३५० रुपयांत येतो. बिनतारी जोडी त्याहून महाग पडते, वर सेल बदलत राहावे लागतात. घरातल्या टेबलासाठी तारेचीच जोडी बरी.

काही मॉनिटरला मात्र स्वतःचे यूएसबी खाचे असतात, आणि फसगत होते ती इथंच. की-बोर्ड मॉनिटरला लावला, दिवा लागला, अक्षर मात्र उमटत नाही. मॉनिटरपासून सीपीयूपर्यंत आणखी एक केबल जावी लागते: मॉनिटरकडे चौकोनी तोंड, सीपीयूकडे चपटं. दुकानात ‘प्रिंटरची केबल’ मागा, शंभर-दीडशेत मिळेल. चित्राची एचडीएमआय किंवा व्हीजीए केबल की-बोर्डचं काम करत नाही. लॅपटॉप आणि मॉनिटर दोन्हीकडे टाइप-सीची सोय असेल, तर एकाच चांगल्या केबलवर चित्र आणि की-बोर्ड दोन्ही चालतात; पण मोबाइल चार्जिंगची साधी केबल तिथं चालेलच असं नाही. कंपनीने सोबत दिलेली केबल आधी खोक्यात शोधा.

टंकलेखनाच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी वेगळा ‘मराठी की-बोर्ड’ घ्यायची गरज नाही. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट फुकट असतं. परीक्षेला कोणता आराखडा लागतो ते संस्थेत विचारा आणि हवे असतील तर तेवढे देवनागरी स्टिकर लावा.

वर दिलेले दर ढोबळ आहेत, दुकानागणिक थोडे बदलतील. पाकिटावरच्या एमआरपीत जीएसटी धरलेला असतो. वर वेगळा कर मागितला तर देऊ नका. वॉरंटीसाठी पक्कं बिल घ्या. दुकानदार ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.